खोक्यातला शंभरचा बल्ब

घरातले बल्ब बदलायला एक स्टूल आणि पंधरा मिनिटे पुरतात, असे माझे, म्हणजे भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापिकेचे, प्रामाणिक मत होते. पुणतांब्याला सासरी हे काम आठवडाभर चालले आणि बल्बपेक्षा किस्सेच जास्त निघाले!

*

शंभर वॅटच्या जागी नऊ वॅटचा एलईडी, हे ऐकताच सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, दुकानदाराकडे संशयाने पाहिले. मी ल्युमेन समजावू लागले. तोवर त्यांनी बोटांवर भागाकार उरकला.

"अकरा द्या. एक वॅट कमी पडतो, तो तुमाला सोडला!"

*

वॉरंटीची पावती हरवू नये म्हणून नानांनी ती दोऱ्याने बल्बलाच बांधली. जुन्या बल्बवर ती करपली असती. एलईडीचा हा फायदा मला वर्गात कधीच सुचला नव्हता.

*

दिवेलागणीला बटण दाबले की सासूबाई हात जोडतात. पांढरा एलईडी लागला आणि हात अर्ध्यावरच थांबले.

"आई, नमस्कार?"

"ह्यो दवाखान्याचा उजेड हाय. हितं हात न्हाई जोडायचे, नंबर लागायची वाट बघायची!"

दुसऱ्या दिवशी पिवळसर उजेडाचा आणला. तेव्हा कुठे नमस्कार झाला.

*

काढलेले बल्ब मी कोपरगावला आमच्या कॉलेजात नेले. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी त्यांतला शंभरचा प्रयोगशाळेत पेटवला. शेजारी थर्मामीटर, खाली पाटी: 'ही उष्णता वाया जाते.'

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "सूनबाई, पिल्लं गार पडली!"

बाजारातून आणलेली कोंबडीची तीस पिल्ले थंडीत ज्या बल्बच्या उबेवर जगत होती, तो शंभरचा हाच. 'सगळे बल्ब बदला' हा माझा आदेश नानांनी पिल्लांच्या खोक्यापर्यंत पाळला होता.

"उजेड लई हाय, पन ऊब न्हाई! ह्यांचं म्हननं, अकराच्या अकरा लावू!"

"नका, आई. एलईडी नावालाच तापतो."

"मंग तापनारा कुटं हाय?"

मी टेबलाकडे पाहिले. "इथे."

तासाभरात सासूबाई खोके घेऊन रिक्षातून उतरल्या. बल्ब खोक्यात सोडला. बराच वेळ काहीच हालले नाही. मग एक चिवचिवले, आणि पाठोपाठ सगळी प्रयोगशाळा!

त्याच क्षणी बाहेरगावचे परीक्षक आत आले. त्यांनी चष्मा सावरून पाटी वाचली, मग खोक्यात डोकावले.

"मॅडम, इथे नक्की काय वाया जाते?"

माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, "काय बी न्हाई, सायेब. तीस हायती, मोजून घ्या!"