तिला झेपेल ना?

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. फाळणी शिकवताना मुलांना म्हटलं, आपली माणसं इथे कशी आली ते घरी विचारून या. दुसऱ्याच दिवशी एका विद्यार्थिनीचे सिंधी आजोबा मला भेटायला आले. आता तक्रार ऐकावी लागणार, असंच मला वाटलं.

त्यांनी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. ते बोलायला लागायचे, थांबायचे आणि चष्मा काढून पुसत बसायचे.

"मॅडम, मी पोरीला झूठ बोललो," ते म्हणाले. "म्हटलं, कराचीहून बोटीने आलो, बहुत मजा आली. माझी छोटी बहीण त्याच बोटीवर वारली. घरात कोणालाच माहीत नाही. आता सांगू? तिला झेपेल ना?"

"झेपेल. सांगा तुम्ही," मी म्हटलं खरं, पण मलाच खात्री नव्हती.

सोमवारी ती मुलगी वर्गाबाहेर माझी वाट बघत उभी होती.

"मॅम, दादू खूप रडले. मीपण रडले. आता रोज त्यांच्या बहिणीबद्दलच बोलतात, ती किती हट्टी होती ते. काल तर सांगता सांगता हसले."

माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी वर्गात माझा आवाज आजोबांच्या भेटीनंतर पहिल्यांदाच मोकळा लागला.