पथ्याचं पारणं

अंग सुजायचं माझं, आणि सत्कार झाला नवऱ्याचा. शाल, श्रीफळ, टाळ्या, सगळं यथासांग. अजूनही आमच्या मराठी मंडळातली कोणी बाई भेटली की मला आधी तेच ऐकवते, "तुमच्यासाठी महिनाभर पथ्य केलं हो त्यांनी! असा नवरा मिळायला भाग्य लागतं." मी हसते. आतून मात्र असा संताप येतो की तिच्या हातातला प्रसादाचा द्रोण तिथेच उलटा करावा.

दोन-अडीच वर्षं माझ्या अंगावर गांधी उठत होत्या. कधी पाठीवर, कधी मांड्यांवर, आणि कधी ओठ असे सुजायचे की वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवावं लागायचं. मी इथे जबलपूरला एका शाळेत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. एकदा स्टाफरूममध्ये डबा खाल्ला आणि गळा आवळत चालल्यासारखा झाला. श्वास आत जाईना. बरोबरच्या दोघी शिक्षिकांनी मला ऑटोत कोंबून दवाखान्यात नेलं, तिथे इंजेक्शन मिळालं, मी वाचले. पण त्या दिवसापासून मला ताटाची भीती बसली. पानात वाढलेल्या पदार्थांकडे पाहायचं आणि विचार करायचा, यातलं मला मारणारं नेमकं कोण? भूक लागलेल्या माणसाला असा विचार करावा लागणं किती वाईट, ते ज्याचं त्यालाच कळतं.

रक्ताच्या तपासणीत पाच-सहा पदार्थांवर संशय आला, पण खरा गुन्हेगार त्यातला कोणता ते ठरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक महीना ये सब बंद। दूध, गेहूँ, बेसन, तिल, अंडा, मूँगफली। फिर एक-एक करके वापस लाएँगे। एक बार में सिर्फ़ एक चीज़। और अंडा, मूँगफली घर पर बिलकुल नहीं, वो यहाँ, मेरे सामने।" मला हे लगेच पटलं. आमच्या लॅबमध्ये एखादं पोरगं घाईघाईत दोन-तीन द्रावणं एकाच परीक्षानळीत ओततं आणि मग विचारतं, मैडम, ये रंग किससे आया? मी म्हणते, आता देवालाच विचार.

त्याच वेळी शेजारच्या खुर्चीतून नवरा म्हणाला, "मैडम, हम दोनों करेंगे। साथ में।"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. घरी येताना मी त्यांच्या मागे स्कूटरवर बसून, या माणसाला आपण उगाच बोल लावत आलो, असंही मनात म्हटलं.

'सोबत' म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ज्वारी मी निवडली, चेरीताल मोहल्ल्यातल्या चक्कीवर दळून मी आणली, चक्की आधी गव्हाची चालू होती म्हणून पहिलं पीठ बाजूला काढायला त्या भैयाशी हुज्जत मी घातली. भाकरी मी थापल्या, लौकी, म्हणजे दुधी, मी चिरली, मुगाची डाळ मी शिजवली, तिला सरसोंच्या तेलात जिऱ्याची फोडणी मी दिली. दोन डबे भरले. एक माझा, एक त्यांचा. ते सोबत जेवले, एवढंच.

आणि त्या डब्याचा त्यांनी फोटो काढला. मोबाइलवर स्टेटस ठेवलं, 'पत्नी के साथ, हर कदम।' खाली त्यांच्या बँकेतल्या झाडून सगळ्यांचे हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे इमोजी. शेजारची दीदी जिन्यात गाठून म्हणाली, "आपके तो भाग खुल गए दीदी। हमारे ये तो एक टाइम की चाय न छोड़ें।" बँकेतला एक तरुण अधिकारी रस्त्यात भेटला तर म्हणे, "भाभीजी, सर तो मिसाल हैं।" मी पिशवीत दुधी भोपळा घेऊन उभी. माझी तब्येत कशी आहे, हे त्या अख्ख्या महिन्यात एका माणसानं विचारलं नाही.

त्यांनी चोरून काही खाल्लं नाही, हेही सांगते. रविवारची पोहे-जलेबी सोडली, चहा बिनदुधाचा घेतला, पट्टा एक भोक आत गेला. चोरून खोव्याची जलेबी खाताना सापडले असते तर मला भांडायला सोपं गेलं असतं. पण असं वागले की तोंडच बंद. राग आला तरी म्हणायचं काय? तुम्ही माझ्यासाठी त्याग केलात म्हणून?

सासूबाईंचं गणित वेगळंच होतं. त्या मूळच्या वर्ध्याकडच्या, लग्न होऊन जबलपूरला आल्या त्याला आता उभा जन्म झाला. पथ्य म्हणजे पेज आणि मऊ भात, एवढंच त्यांना ठाऊक. नवरा-बायको मिळून महिनाभर नेमानं काही खात नाहीत म्हटल्यावर ते व्रतच, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर माझ्यासाठी साबुदाण्याची उसळ, म्हणजे खिचडी, तयार, वर मूठभर कूट.

"आई, यात दाणे आहेत."

"अवं, मंग? दाणे तं उपासालेच असतात!"

"हा उपास नाहीये."

"मंग काहून करून राहिली?"

मी पुन्हा सगळं समजावलं. त्या मान डोलावत ऐकत राहिल्या आणि उसळ स्वतः खाल्ली. मला वाटलं, समजलं त्यांना.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या अंगावर एक गांध नव्हती. मी रात्रभर न खाजवता झोपायला लागले. आरशात पाहिलं तर ओठ माझेच होते, लग्नाच्या फोटोतल्यासारखे पातळ. मला इतका आनंद झाला की बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. याचा अर्थ गुन्हेगार त्या सहांतलाच होता. आता एकेकाला उभं करायचं आणि ओळखायचं. मला पुढचं सगळं आयुष्य भीतीशिवाय जेवता येणार होतं. दुसरं काही नको होतं मला.

महिना संपता संपता एका शनिवारी घरी आले, तर स्वयंपाकघरात मोठ्या गंजात हरभऱ्याची डाळ भिजत घातलेली. परातीत कणीक चाळून ठेवलेली.

"हे कोणासाठी?"

सासूबाई खुशीत होत्या. "उद्या पारणं नाही का तुमचं? महिन्याचं व्रत असं सोडत नसतात बाई. उद्यापन करा लागते. पुरणपोळी, कढी, वांगी, सारं."

मी नवऱ्याकडे वळले. ते खुर्चीत बसून फोनवर कोणाला तरी आमच्या घराची खूण सांगत होते. फोन ठेवून म्हणाले, "अगं, सरप्राइज द्यायचं होतं. मंडळातले सगळे येऊन राहिले उद्या. दीक्षितपुऱ्याच्या काकू पण येतात म्हणाल्या."

"पुरणपोळी? दूध, तूप, गहू, बेसनाची कढी, कुटाची वांगी, सगळं एकाच पानात?"

"एका दिवसानं काय होते? महिनाभर केलं ना आपण!"

आपण! माझा आवाज चढला. मी म्हटलं, उद्या मला गांध उठली तर ती कशानं उठली हे कसं कळणार? अख्खा महिना पाण्यात. गळाच आवळला तर तुमची दीक्षितपुऱ्याची काकू श्वास देणार आहे का मला? त्यांनी दोन्ही हात वर केले. "चलो, ठीक है. तू थोडंथोडं घे. सबको बोल दिया है, आता नाही कसं म्हणू?"

मी माझी भाकरी थापून खाल्ली आणि झोपायला गेले. पुरण मी वाटलं नाही, हे मात्र सांगायचं राहू नये.

रविवारी हॉल भरला. नऊवारीतल्या काकू, बँकेतले लोक, शेजारची दीदी. मंडळाचे सेक्रेटरी उभे राहिले आणि आजच्या काळात पत्नीच्या आजारपणात खांद्याला खांदा लावून उभे राहणारे पती किती दुर्मिळ, यावर बोलले. मग नवऱ्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या. नवऱ्याचे डोळे चक्क पाणावले. मी भिंतीला टेकून उभी होते. माझं नाव भाषणात आलं होतं की नाही, ते मला आठवत नाही.

ताटं वाढली गेली. पण कोणी हात लावेना. सगळे माझ्याकडे पाहत होते. रीत अशी की जिचं व्रत तिनं पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. सासूबाई पुरणपोळीचा तुपात बुडवलेला तुकडा घेऊन माझ्या तोंडाशी आल्या. "घे बाई. लोकं थांबले."

"नको आई."

"अवं घे, देवाचं आहे."

"नको म्हटलं ना!"

नवरा दातांतल्या दातांत म्हणाला, "इज्जत का फालूदा करून राहिली तू." खांद्यावर शाल होतीच.

मला भीती वाटत होती का राग आला होता, आता सांगता येत नाही, बहुधा रागच. मी स्वयंपाकघरात गेले, पातेल्यातलं दूध कपात ओतलं, बाहेर आणून सगळ्यांसमोर उभ्यानं प्यायले. साखरही घातली नाही.

"हे माझं पारणं," मी म्हणाले. "आज दूध. दुसरं काही नाही. बसा जेवायला, थंड होतंय."

जेवले सगळे. मन लावून जेवले. दीक्षितपुऱ्याच्या काकू जाताना मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इतकं काय ते शिकलेपण." सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या, आणि नवरा घरात असा वावरू लागला की जणू मीच त्यांचा कुठे अपमान करून आले.

मला पर्वा नव्हती. दुधानं काही झालं नाही. मग पोळी सुरू केली, काही झालं नाही. बेसन, तीळ, प्रत्येकाला त्याचे चार दिवस दिले. अंडं दवाखान्यात जाऊन खाल्लं, तेही निर्दोष सुटलं. राहिला शेंगदाणा.

त्या दिवशी नवरा आला होता सोबत. डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या दाण्याचाही तुकडा करून दिला. मी चावला, बसून राहिले. थोड्या वेळानं खालचा ओठ चुरचुरायला लागला, मग मानेवर गरम वाटलं, मग एकामागून एक गांधी. इंजेक्शन तयारच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिल गया। अब ज़िंदगी भर नहीं। और घर में भी न रखें तो अच्छा, एक ही चम्मच, एक ही मिक्सर, यही सब गड़बड़ करता है।" सुजलेल्या ओठांनी मी हसले. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. माझ्या लग्नापासून आमच्या घरात भाजीला, कोशिंबिरीला, ठेच्याला कूट लागतं, आणि ते रोज त्याच करतात. "म्हणजे मीच तुले..." एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मला त्यांची दया आली. माझा राग त्यांच्यावर नव्हता.

नवरा दारात चप्पल काढत होता. तिथूनच म्हणाला, "पण म्हणजे आता आम्ही पण नाही खायचे का दाणे? महिनाभर ठीक होतं. पण कायमचं? ठेचा दाण्याशिवाय कसा लागेल? तुझं वेगळं करता येईल ना, वेगळं भांडं वगैरे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ सुजलेला असल्यानं शब्द नीट उमटत नव्हते, म्हणून सावकाश बोलले.

"महिनाभर बघायला लोक होते," मी म्हणाले. "आता कोणी शाल घेऊन येणार नाही. आता करा सोबत."