वहिनीचं इंग्रजी गाणं

परवा नाशिकच्या जुन्या बाजारात एका रेकॉर्डच्या कव्हरचा कुबट वास आला आणि मला साठ-बासष्ट सालातली, खानदेशातल्या आमच्या रनाळे गावातली एक दुपार आठवली.

माझा दादा मुंबईहून एका इंग्रजी सिनेमातल्या जॅझ गाण्यांची रेकॉर्ड घेऊन आला होता. दर गाण्याला वेगळा आवाज. त्यातलं एका बाईचं संथ गाणं वहिनीने भाकरी थापता थापता पाठ केलं. शब्द मोडकेतोडके, चाल मात्र जशीच्या तशी.

दादाचे मुंबईचे मित्र आले, तेव्हा त्याने तिला हाक मारली. "ते गानं यासले म्हनी दखाड ना!"

पिठाच्या हातानेच पदर सावरत वहिनी दारात उभी राहून गायली. मित्र हसून हसून वाकले. दादाही हसला. त्यांना आवडलं असं समजून तिने पुढचं कडवंही म्हटलं. लहानगी मी टाळ्या वाजवत होते, कारण मलाही तसंच वाटलं होतं.

पुढे वर्षभरातच दादाने मुंबईत दुसरा संसार थाटला. वहिनी आमच्याकडेच राहिली, कापूस वेचत म्हातारी झाली.

"तुन्हा भाऊले मन्हं गानं भलतं आवडे," असं ती मला शेवटपर्यंत सांगायची. तोवर ते हसणं कसलं होतं हे मला कळलं होतं. मी "हो वहिनी" म्हणायचे.