मिस टब्सच्या घंटेचा पोचा

आमच्या स्वीटगम गावात काळ्यांच्या शाळेची पितळी घंटा मिस टब्स वाजवायच्या. नाव व्हर्लीन, पण त्या नावानं हाक मारायची आमची छाती नव्हती. अकरा वर्षं त्यांनी चौथी शिकवली. मी आज चार शब्द जुळवतो, तेही त्यांच्याच छडीचं देणं.

मग कोर्टाचा हुकूम आला : काळी-गोरी पोरं एकत्र बसवा. बसवली, गोऱ्यांच्या शाळेत. आमच्या शाळेला कुलूप ठोकलं. कपाटातले जिंकलेले कप, फोटो, ती घंटा, सगळं ट्रकनं उकिरड्यावर ओतलं. मिस टब्सनी भर उन्हात उकिरडा उपसून घंटा काढली. काठाला अंगठा मावेल एवढा पोचा आला होता.

नव्या शाळेत त्यांच्या हातात खडूऐवजी जेवण वाढायचा डाव दिला. ताटात घेवडा वाढून घेताना मी सवयीनं म्हणालो, "थँक्यू, मिस टब्स." गोरा हेडमास्तर खेकसला, "स्वयंपाकीण आहे ती. व्हर्लीन म्हण." पुढं सात वर्षांची गोरी पोरंही त्यांना व्हर्लीन म्हणू लागली.

यंदा आमच्या त्या बंद शाळेत स्मारक केंद्र उघडलं. शाळा एकत्र कशा झाल्या ते लोकांना दाखवायचं म्हणे. मिस टब्सनी घंटा दिली. उद्घाटनाला पाहिलं तर काचेच्या पेटीत घंटा लखलखत होती. खाली पाटी : 'शाळेने प्रेमाने जतन केलेली घंटा.'

केंद्राचा संचालक प्रेंटिस, आमच्याच चर्चमधल्या मॅटीचा नातू, हसत पुढं आला. "बघा मिस टब्स, नवीकोरी करून घेतली!"

"पोचा कुठंय?"

"ठोकून काढला, मॅडम. वाईट दिसत होता."

"वाईटच होता तो. मग दिसायला नको? आणि जतन कुणी केली रे? उकिरड्यानं?"

"आज नको ना, मॅडम. पाहुणे खुशीत आहेत."

"पन्नास वर्षं लोकांची खुशीच सांभाळतेय मी. काढ ती बाहेर."

त्यानं काढली. घंटा घेऊन म्हातारी दगडी पायरीवर आली आणि घंटेचा काठ जीव खाऊन दगडावर आपटला. बँडवाल्यांचे हात थांबले.

"हा पोचा मी पाडला," त्या म्हणाल्या. "पहिला कुणी पाडला ते पाटीवर लिही, मग ये मागायला."

घंटा काखेत मारून त्या चालत्या झाल्या.

पाटी अजून तीच आहे, काचेची पेटी रिकामी. केंद्राच्या दारावर तिकिटं मी फाडतो. इथं काय होतं, असं पाहुणे विचारतात. मी सांगतो, ट्रक कुणी भरला, कुणी हाकला, त्यांच्या नावानिशी. प्रेंटिसनं मला दोनदा ताकीद दिलीय.