शेवंताबाईची हाळी

भडगावच्या शेवंताबाईला गाण्याचा एक शब्द धड पाठ होत नसे. हे मी नाही, तिचा नवराच गावभर सांगत फिरे. पण ज्वारी हुरड्यावर आली, की शेतातल्या माळ्यावर उभी राहून पाखरं हाकलताना ती जी हाळी द्यायची, "हाऽऽ होऽ, हुर्र्र हुर्र्र, हॉ!", ती ऐकून बँडवाल्या रुपचंदचे डोळे चमकले.

साल एकोणनव्वद. रुपचंदकडे क्लॅरिनेट होतं, नवा कॅसिओ होता आणि सातपुड्यातून आलेल्या वना ढोलवाल्याचा भला मोठा ढोल. तिघांचं सवतींसारखं चाले. रुपचंदनं तिला बँडमध्ये घेतलं. शेवंताबाईनं ढोलावर हाळी टाकली, शेवटचा "हॉ" नेमका ठोक्यावर, आणि कॅसिओसुद्धा मुकाट मागं चालू लागला.

गावात टोमण्यांचं पीक ज्वारीपेक्षा जोरात आलं. तेवढ्यात पाचोऱ्याचं मोठं लग्न ठरलं. रुपचंदनं बजावलं, "बाई, आज सोयरास्नी नाक मुरडं, तर मंग तू आनि तुना माळा."

वरात निघाली. नवरदेवाचे मामा तोताराम आबा पुढं. फेटा एवढा, की खाली माणूस आहे की नाही शंका यावी. त्यांनी बँडच्या गाडीशी येऊन माईकच धरला.

"काय वं बाई, वरात शे का पाखरे हाकली राहिनी? सिनेमानं गानं म्हन, नहीतर बाजूले व्हय!"

"पाखरेसले समजस आबा, तुमले कसं समजत नही?"

वऱ्हाड फिसकन हसलं. आबांनी माईक हिसकावलाच. रुपचंद डोळ्यांनी विनवत होता, म्हण की एखादं! शेवंताबाईनं पदर खोचला, गाडी सोडून वरातीच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि उघड्या गळ्यानं हाळी दिली. वनानं ढोल हाणला.

आता आमच्याकडची रीत अशी, की एका माळ्यावरून हाळी आली की शेजारच्या माळ्यानं जवाब द्यायचा. नाही दिला, तर राखणदार झोपला म्हणून सुगी सरेपर्यंत चिडवतात. वरातीत सगळे ज्वारीवालेच. पहिला जवाब आला, "हुर्र्र हॉ!" कुठून? फेट्याखालून! आणि माईक आबांच्याच हातात, म्हणजे साऱ्या पाचोऱ्यानं ऐकला.

मग काय, बठ्ठं, म्हणजे झाडून सारं वऱ्हाड हाळ्या देत मारुतीच्या पारापर्यंत नाचत गेलं. रुपचंदनं आबांच्या हातून माईक घेऊन लगबगीनं तिच्यापुढं केला. शेवंताबाईनं तो हातानं बाजूला सारला.

ठसका लागला होता, असं आबा आजही सांगतात. पण पुढच्या वर्षी लेकीच्या लग्नाची सुपारी द्यायला ते जातीनं भडगावला आले. शेवंताबाई ओट्यावर शेंगा सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं,

"सिनेमानं म्हनू का, आबा?"

आबांनी उगीच फेटा सारखा केला. "म्हनशी तर सुपारी परत लई जासू!"