तात्यांची नाजूक बाटली

माशीतात्यांना तुम्ही कितपत ओळखत होता, असं कोणी विचारलं असतं तर ग्रंथपालाची पंचाईत झाली असती. एकाच संशोधन संस्थेत दोघांनी उभं आयुष्य काढलं आणि रोज दुपारचा चहा एकत्र घेतला. पण तात्यांच्या घरी कोण कोण असतं, ते कुठल्या बसनं येतात, त्यांना मनातून कशाचं वाईट वाटतं, यातलं काही त्याला सांगता आलं नसतं. तात्या बोलायचे ते माश्यांबद्दल. ग्रंथपाल मुळात भिडस्त. दुसरं कोणी बोलतंय म्हटलं की त्याला हायसं वाटायचं.

तात्या माश्यांच्या खोलीतले तंत्रज्ञ. पिकल्या केळ्यांवर घोंगावतात ना, त्या बारक्या फळमाश्या तिथे काचेच्या बाटल्यांत, तोंडाला कापसाचा बोळा लावून, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या असायच्या. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून तात्या त्यांच्या जेवणाची सोय करायचे. माश्यांना गुंगी द्यायची, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पसरायच्या आणि बारीक कुंचल्यानं एकेक निवडायची, हे त्यांचं काम. अशा वेळी कोणी पंखा लावला की सगळी मेहनत भिंतीवर जाऊन बसायची. म्हणून तात्या कुठेही शिरले तरी आधी म्हणायचे, "पंखा बंद करा जरा." ग्रंथालयातसुद्धा. तिथे उडून जाण्यासारखं काही नव्हतं, तरी ग्रंथपाल मुकाट्यानं बटण दाबायचा आणि घाम पुसत चहा प्यायचा.

सगळ्या बाटल्यांत एक तात्यांची फार लाडकी. तिला ते 'नाजूक' म्हणत.

"नाजूक म्हणजे काय?" ग्रंथपालानं एकदा धीर करून विचारलं होतं.

"तुमच्या पुस्तकाचं पान फाटून गेलं तर काय करता?"

"दुसऱ्या प्रतीवरून उतरवून घेतो."

"आणि दुसरी प्रत हाताशी नसली तर?"

"मग काय, फाटक्या कडा जुळवून चिकटपट्टी. एखादं अक्षर जातं त्यात."

"पेशीही हेच करते बघा. आतला डीएनएचा धागा तुटला की शेजारची अख्खी प्रत शोधते आणि तिच्यावरून गेलेला मजकूर भरून काढते. नाहीच जमलं तर टोकाला टोक चिकटवते. आणि अंडं तयार होताना तर आपण होऊन धागा तोडते! जोडताना आईकडचा थोडा, बापाकडचा थोडा असा नवाच करते. माद्यांमध्ये हं. आमच्या नरांमध्ये ही अदलाबदल होत नाही. आलं तसं पुढे ढकलतात."

"म्हणूनच पुरुष सुधारत नाहीत," ग्रंथपाल चुकून बोलून गेला. तात्या इतके हसले की चहा बशीत सांडला.

नाजूक बाटलीतल्या माश्यांना ही दुरुस्तीच नीट येत नव्हती. एरवी खातील, पितील, उडतील. पण अळ्यांवर एक्स-रे सोडले की धागे तुटायचे ते तुटलेलेच राहायचे, आणि कोषातून माशी बाहेर यायची नाही. ही जात तात्यांनी उमेदीच्या वयात घडवली होती. तिला खिडकीपासून दूरचा कोपरा, ताजं अन्न, आणि जवळ कोणी मोठ्यानं शिंकलं तर तात्यांचे डोळे मोठे.

तात्यांची निवृत्ती आली आणि संचालकबाईंनी खोली आवरायला काढली. बाई वयानं तात्यांच्या मुलीएवढ्या, पण बोलायला सरळ.

"तात्या, नाजूक ठेवू आपण. पण आधी तपासून घेऊ. इतक्या वर्षांत तिची चाचणी झालेली नाही."

"बाई, माझ्या हातची बाटली आहे ती."

"म्हणूनच एकदाच करू. दुरुस्ती येत नसेल तर ठेवायची. येत असेल तर साध्या माश्या आपल्याकडे ढिगानं आहेत. मग बाटली उकळत्या पाण्यात."

तात्या ग्रंथालयात येऊन धपकन बसले. पंख्याचंसुद्धा विसरले.

"म्हणजे बघा, मेल्या तर राहतील आणि जगल्या तर मरतील. आयुष्यभर जपल्या, आणि आता देवाला काय सांगू? मार म्हणून सांगू?"

ग्रंथपालाला राहवलं नाही. "तात्या, एक्स-रे दिलेल्या अळ्यांची बाटली माश्यांचं जेवण शिजवायच्या शेगडीजवळ जरा वेळ राहिली, तर... कशानं मेल्या ते कोणाला कळणार आहे?"

तात्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं पुस्तकाचं पान फाडलं होतं.

"मला कळेल ना. पण त्या एक्स-रेनं मेल्या असत्या की नाही, हे मात्र मला कधीच कळणार नाही. आणि तेवढंच तर कळायला हवंय."

थोड्या अळ्या वेगळ्या काढून त्यांच्यावर एक्स-रे सोडले. पुढचे दिवस तात्या कोषांसमोर स्टूल टाकून बसून होते. ग्रंथपालही एकदा चहा घेऊन तिकडेच गेला. दोघं बघत असतानाच एक कोष फुटला. ओली, सुरकुतलेली माशी बाहेर आली, थोडी हिंडली, पंख ताठ केले. मग दुसरी. मग कितीतरी. एकदम ठणठणीत.

बाई आल्या, वाकून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कधीतरी बाहेरची एखादी माशी आत शिरली असणार. तात्या, बाटली बदलताना पुढच्या बाटलीत कोणत्या माश्या घ्यायचात?"

"चांगल्या तरतरीत दिसतील त्या. मरतुकड्या कशाला घेऊ?" तात्या म्हणाले, आणि बोलता बोलताच थांबले.

तात्यांनी मायेनं दर वेळी धडधाकट त्या पुढे नेल्या, आणि नाजूक बिचाऱ्या मागच्या बाटलीबरोबर धुतल्या गेल्या. कधीपासून, देव जाणे.

"उद्या सकाळी उकळतो," तात्या म्हणाले. पण त्यांची नजर बाटलीवर होती, आणि ग्रंथपालाला शपथेवर सांगता आलं असतं की ती नजर बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या आजोबांची होती.

शेवटच्या दिवशी तात्या निरोप घ्यायला ग्रंथालयात आले. उकाडा मरणाचा, आणि त्यांनी अंगात कोट चढवलेला. उजव्या खिशाला फुगवटा, वर कापसाचा पांढरा बोळा डोकावत होता. ग्रंथपालानं पाहिलं आणि तो लगेच खिडकीकडे बघायला लागला. दोघांनी चहा घेतला. काहीतरी छान बोलावं असं ग्रंथपालाच्या फार मनात होतं, पण ते चहाबरोबर घशाखाली गेलं.

तात्या उठले, खिशावर हात ठेवून दारापर्यंत गेले. तिथे पंख्याचा झोत थेट अंगावर येत होता.

"पंखा बंद करा जरा," ते म्हणाले.

"करतो," ग्रंथपाल म्हणाला.