उकंडाबुवाची गाठ

दुसरबीडच्या बाजारात अनोळखी माणसे बैल सोडून माझा उजवा हात पाहायला यायची. त्यांना धाडायचा उकंडाबुवा, हाडे बसवणारा. कुणी हात मोडून आला की बांधण्याआधी घरच्यांना सांगायचा, "आधी त्या दलालाचा हात पाहून या. तो म्या बिघडवला."

बैलांचा सौदा रुमालाखाली होतो. एकमेकांची बोटे धरायची, दाबायची. किंमत तोंडाने कुणी बोलत नाही. बापाने मला शेपटी धरायलाही बैल ठेवला नव्हता. या पाच बोटांवर मी नाव कमावले. मग गाडी उलटून हात मोडला. बुवाने बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधले. बोटे गार पडली, निळी झाली, मी ओरडत होतो. तो म्हणाला, "दुखते तं दुखू दे. हाड जुयून राह्यलं." चौथ्या दिवशी सोडले तेव्हा हाड सरळ होते आणि बोटे कोंबडीच्या पायासारखी आखडलेली. ती पुन्हा उघडली नाहीत.

माझी आई नशिबाला बोल लावत होती. बुवा तिला म्हणाला, "नशीब नाही, माय. माही गाठ." एवढ्यावर लोकांनी त्याला साधू ठरवले. कबुलीने बोट उघडत नाही. मी डाव्या हाताने सौदे शिकलो, आणि तो हात रुमालाखाली घातला की व्यापारी हसायचे.

त्यानंतर बुवा कुणाला बांधून लगेच घरी सोडीना. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसवायचा आणि नखे दाबून लाली परत येते का ते पाहायचा. सगळे नाटक. माझ्या हातावर शाळा शिकलास, असे मी त्याला भर बाजारात सुनावले.

"हाव," तो म्हणाला, "पण शिकलो ना बे."

पुढे माझ्या लेकीचा, गंगूचा हात मोडला. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले, आणि मेहकरच्या सरकारी दवाखान्याला बैलगाडीने दिवस जाई. तिला गाडीचे हादरे सोसेनात. दात खात त्याच्याच ओट्यावर गेलो. तिने "दुखते" म्हणताच बुवाने गाठ सोडली, सैल बांधली. दिवसभरात तीनदा. दर वेळी तिचे नख दाबायचा आणि माझ्या हाताकडे पाहायचा. आज गंगू त्याच हाताने भाकरी थापते. मी त्याला निघताना राम राम केला नाही.

तो मेला तेव्हा खांदाही दिला नाही. आता त्याचा पुतण्या हाडे बसवतो आणि माणसे माझ्याकडेच धाडतो. मी त्यांच्यासमोर आधी बुवाला शिव्या घालतो. मग बाही वर करतो.